बालसंगोपन रजा, लोहाच्या गोळ्या आणि दुपारची झोप

मी राज्य शासनाच्या सीबीडी बेलापूर येथील एका कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहे आणि कळव्याला, खारेगावात राहते. गेल्या वर्षी मुलगी दहावीत होती, मुलगा दुसरीत. पती रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. २०२४ च्या दिवाळीनंतर सुरू झालेले माझे औषधपाणी आणि त्याला जोडून आलेले बालसंगोपन रजेचे प्रकरण जुलै २०२५ मध्ये एकदाचे मार्गी लागले. मधल्या काळात कार्यालयातील निरनिराळ्या मैत्रिणींनी मला जिन्यापाशी गाठून, ही रजा नेमकी मिळते कशी, असे विचारले आणि मग आवाज खाली आणून, तुला झाले तरी काय होते, हेही विचारले. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी करून सांगता येत नाहीत, म्हणून सगळे क्रमाने लिहिते.

ऑक्टोबर २०२४ पर्यंत माझा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होत असे आणि रात्री साडेअकराच्या पुढे कधीतरी संपत असे. तीन डबे, दोघांच्या शाळेच्या वेळा, पाणी भरणे, सासूबाईंची औषधे, मग कळव्याहून ठाणे, ठाण्याला पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर, तिथून ट्रान्स-हार्बरने पाऊण तास बेलापूर आणि पावणेदहाची हजेरी. हे सगळे अनेक वर्षे चालू होते आणि ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातील नोकरदार बाईला यात नवे काही वाटणार नाही. नवे हे होते की सप्टेंबरपासून ठाणे स्थानकाचा तोच पूल चढताना मला मध्येच कठड्याला धरून उभे राहावे लागत होते. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर कोणी काही विचारले तर उत्तर देण्याआधीच राग येत असे. केस हातात येत होते. आणि एक विचित्र सवय लागली होती: तांदूळ निवडायला बसले की त्यातले चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायचे. आधी चिमूट, मग मूठ. शेवटी डब्यातून काढून पर्समध्ये कागदाची पुडी ठेवू लागले आणि गाडीत खिडकीशी बसून चघळत असे. सासूबाईंनी हटकले तेव्हा मी हसण्यावारी नेले. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असे काही खावेसे वाटणे हे शरीरात लोह कमी झाल्याचे लक्षण असू शकते, हे मला डॉक्टरांकडूनच कळले. ज्या बाईला हे वाचताना काही आठवले असेल, तिने पुढचा मजकूर नंतर वाचला तरी चालेल, आधी रक्त तपासून घ्यावे.

त्यात निवडणूक आली. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, आमच्या कार्यालयातील बहुतेकांच्या हातात निवडणूक कामाचे आदेश पडले आणि रजा या विषयावर बोलणेच बंद झाले. प्रशिक्षणाच्या एका सत्रात यंत्राची जोडणी दाखवत असताना मला इतकी गाढ झोप लागली की शेजारच्या शिक्षिकेने कोपराने ढोसून जागे केले. तिनेच बाहेर चहा पिताना माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाली, “मॅडम, आत लाल काही दिसतच नाही. दिवाळी झाली की पहिले काम रक्त तपासायचे.”

भाऊबीज झाल्यानंतरच्या शुक्रवारी, ८ नोव्हेंबरला, शिल्लक असलेली किरकोळ रजा टाकून मी शासकीय रुग्णालयात गेले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. हे माहीत असूनही आपण ‘तिथे वेळ जातो’ म्हणून टाळतो. वेळ जातोच. साडेआठला रांगेत उभे राहिले, साडेअकराला नंबर लागला. सोबत पाण्याची बाटली, डबा, आधार कार्डाची प्रत आणि आपल्याला काय होते याचा चार ओळींचा कागद असावा, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर बाईच्या तोंडून पहिले वाक्य ‘तसे विशेष काही नाही’ हेच निघते. माझ्याही तोंडून तेच निघाले. कागद होता म्हणून पुढचे सांगता आले.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी श्वासाबद्दल आणि भुकेबद्दल विचारले, मग पाळीबद्दल. किती दिवस, किती पॅड, गाठी जातात का, रात्री उठावे लागते का. मला वाटत होते की चाळिशीच्या आसपास हे असेच असते. त्यांनी ऐकून घेतले आणि स्त्रीरोग विभागाची चिठ्ठीही लिहून दिली. रक्ताची साधी तपासणी तिथेच झाली. फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड या तपासण्या लवकर हव्या होत्या, म्हणून बाहेरच्या प्रयोगशाळेत केल्या. त्यांचे १,८५० रुपये झाले. सोमवारी अहवाल हातात आले. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन ६, बी-१२ कमी, थायरॉइड व्यवस्थित.

गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानतात आणि ८ ते १०.९ हा मध्यम गट. फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज, तो माझ्याकडे जवळजवळ संपला होता. मला यात एकटेपणा वाटण्याचे कारण नव्हते, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. म्हणजे महिलांच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीला. इतके सार्वत्रिक आहे म्हणूनच ते कोणाला दिसत नाही, असे माझे मत झाले आहे. सगळ्याच दमलेल्या असल्या की दमणे हा स्वभावच समजला जातो.

स्त्रीरोग विभागाच्या सांगण्यावरून सोनोग्राफी केली, ती बाहेर १,२०० रुपयांना. गर्भाशयात एक लहान गाठ निघाली. शस्त्रक्रियेची गरज नव्हती, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी एवढेच ठरले. निवडणूक कामासाठी डॉक्टरांनी वैद्यकीय प्रमाणपत्र दिले, ते जोडून अर्ज केला आणि मला राखीव कर्मचाऱ्यांमध्ये ठेवण्यात आले. २० नोव्हेंबरचे मतदान माझ्यापुरते एका मंडपात खुर्चीवर बसून पार पडले.

लोहाच्या गोळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जणी ती पंधरा दिवसांत सोडून देतात. गोळी चहा किंवा कॉफीबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरीही नाही. क जीवनसत्त्वाबरोबर घेतली तर चांगले शोषले जाते. माझ्या घरी सकाळी चहाला फाटा देणे अशक्य होते, म्हणून मी गोळी कार्यालयात अकरा वाजता, टेबलाच्या खणात ठेवलेल्या लिंबाच्या अर्ध्या फोडीचे पाणी करून घेत असे आणि चहावाला येईपर्यंत तासाभराचे अंतर पडत असे. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. बद्धकोष्ठ होते, त्यासाठी पाणी, पालेभाजी आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. रुग्णालयातून मिळालेल्या गोळ्यांनी मला पोटात जळजळ झाली, तेव्हा परस्पर बंद न करता डॉक्टरांकडे जाऊन प्रकार बदलून घेतला. तो बाहेरून घ्यावा लागला, महिन्याला साधारण २४० रुपये. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वर येऊ लागते, मात्र ते योग्य पातळीवर आल्यानंतरही साठा भरण्यासाठी आणखी तीनेक महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बीट आणि डाळिंब खाऊन हे भागेल असे मला निदान दहा जणींनी सांगितले. हळीव, पालेभाज्या, कडधान्ये खावीतच, पण साठा संपलेला असताना आहार हा औषधाला पर्याय होत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा तपासले तर हिमोग्लोबिन ९.९ झाले होते. तांदळाची पुडी तर दोन-तीन आठवड्यांतच आपोआप सुटली. तरीही मी थकलेलीच होते. डॉक्टरांनी केसपेपरवर उठण्याची आणि झोपण्याची वेळ लिहून घेतली, वजाबाकी केली आणि म्हणाल्या, “ताई, गोळीने रक्त वाढेल. पाच तासांच्या झोपेचे मी काय करू?”

त्याच सुमारास एका रात्री, सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून मी १४४१६ या क्रमांकावर फोन लावला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली आहे, ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी झोप, भूक, कामातील लक्ष, रडू येणे यांबद्दल विचारले. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारले. तसे वाटत नव्हते. त्यांनी काही गोड बोलून समजूत घातली नाही, उलट दिवसभरातील कोणती कामे मी सोडून दुसरे कोणीच करू शकत नाही, ती मोजायला सांगितली. मी विचार करत राहिले आणि आठवेनात. हा फोन करायला मला जितका संकोच वाटला तितका रुग्णालयाच्या रांगेत वाटला नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता रजेविषयी. माझ्याकडे अर्जित रजा, म्हणजे सेवेतून साठत जाणारी पगारी रजा, शिल्लक होती, पण ती मी सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवली होती. आमच्या आस्थापना शाखेतील ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारले, “अगं, तुझी मुलगी दहावीला ना? बालसंगोपन रजेतला एक तरी दिवस वापरला आहेस का?” मला ती तान्ह्या बाळांच्या आयांसाठी असते असेच वाटत होते आणि आमच्या मजल्यावरच्या बहुतेकींचाही तोच समज होता. वित्त विभागाचा शासन निर्णय २३ जुलै २०१८ चा आहे आणि राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय या सदरात तारीख टाकली की मिळतो. त्यानुसार महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात कमाल १८० दिवसांची ही रजा, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, टप्प्याटप्प्याने आणि एका वर्षात कमाल दोन महिन्यांच्या मर्यादेत मिळू शकते. पहिल्या दोन हयात अपत्यांसाठीच ती लागू आहे. पत्नी हयात नसलेल्या किंवा पत्नी अंथरुणाला खिळलेली असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती आहे. रजेच्या काळात पूर्ण वेतन मिळते, अर्जित रजा शिल्लक असली तरी ही रजा घेता येते आणि तिचा हिशेब अर्जित रजेच्या खात्यातून वजा न होता स्वतंत्रपणे ठेवला जातो. मात्र ती हक्क म्हणून मागता येत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. या शेवटच्या वाक्यातच सगळे पाणी मुरते.

एक गोष्ट मनाला लागली, ती सांगते. आईला विश्रांती हवी, असा रकाना कोणत्याही रजेच्या अर्जात नाही. स्वतः आजारी असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, नाहीतर मुलाचे कारण द्यावे. माझ्याकडे मुलीच्या परीक्षेचे खरे कारण होते आणि तिच्या शेजारी कोणीतरी शांतपणे बसण्याची खरोखर गरज होती, म्हणून अर्ज करताना मनात अपराधी भाव नव्हता. पण दमलेल्या आईला शासन तिच्या मुलामार्फतच ओळखते, हे मात्र त्या छापील नमुन्याकडे पाहताना जाणवले.

२६ नोव्हेंबरला, आचारसंहिता उठल्यावर, मी अर्ज आवक शाखेत देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला. ही पोच घेण्याचा आळस करू नये, आपलेच कार्यालय असले तरी. दहा-बारा दिवसांनी आस्थापनेकडून त्रुटींचा कागद आला: दोन्ही मुलांचे जन्माचे दाखले, हयात अपत्यांबाबत स्वयंघोषणापत्र, शाळेचा बोनाफाइड दाखला आणि मंडळाचे परीक्षेचे वेळापत्रक. शासन निर्णयात यातले प्रत्येक कागद मागितलेले आहेत असे मला दिसले नाही, पण वाद घालण्यापेक्षा ते जोडणे स्वस्त पडते. शाळेने बोनाफाइड दोन दिवसांत दिला. तोवर १६ डिसेंबरला नागपूरचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले, संबंधित अधिकारी तिकडे गेले आणि माझ्या अर्जावरची टिपणी, म्हणजे मंजुरीसाठी लिहिलेला प्रस्ताव, वर्षअखेरीपर्यंत एकाच टेबलावर राहिली. माझ्यासारखीने अर्ज करताना पंचांगाइतकेच अधिवेशनाचे वेळापत्रकही पाहावे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी बोलावले. त्यांचा आक्षेप मार्चला होता. शासकीय कार्यालयात मार्चअखेर म्हणजे देयके, खर्चाचे ताळमेळ, परत करायचा निधी, आणि त्यात अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदारांनी विचारलेले तारांकित प्रश्न. “मॅडम, मार्चमध्ये रजा द्यायची म्हणजे मी कोणाला बसवू?” हा प्रश्न रास्तच होता. मी रडगाणे न गाता एक कागद पुढे ठेवला. माझ्याकडे असलेल्या प्रत्येक नस्तीसमोर (फाइलीसमोर) ती कोणाकडे जाईल, त्या व्यक्तीची संमती आहे का, रजेपूर्वी मी काय निपटवून जाईन आणि १९ मार्चला रुजू होऊन अखेरच्या पंधरवड्यात काय करीन, असा तो तक्ता होता. माझ्या आजारपणाबद्दल मी चार शब्द बोलले, त्याहून अधिक नाही. साहेबांनी तक्ता दोनदा वाचला, एका नस्तीपुढचे नाव बदलले आणि टिपणीवर सही केली. १० फेब्रुवारी ते १८ मार्च या काळातील रजेचा मंजुरी आदेश ३१ जानेवारीला निघाला. आदेशाची प्रत त्याच दिवशी वेतन लिपिकाला दिली, म्हणजे सेवार्थ या वेतनाच्या संगणक प्रणालीत देयक तयार होताना घोळ होत नाही. पूर्ण कॅलेंडर महिना रजेवर राहिले तर त्या महिन्याचा वाहतूक भत्ता मिळत नाही, हेही त्यांनीच सांगितले. तारखा ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना अशी रजा नाही त्यांच्यासाठी एक. आमच्या शेजारच्या वहिनी रबाळ्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. त्यांच्या वेतनातून ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे, पैसे कापले जातात, पण त्यातून आजारपणात वेतन मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते. विमाधारक कामगाराला, अंशदानाची अट पूर्ण होत असेल तर, डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यांनाही रक्तक्षयच निघाला आणि त्यांनी तो लाभ थोड्या दिवसांसाठी घेतला.

रजा सुरू झाली आणि पहिला आठवडा कुठे गेला ते कळले नाही. मी घरी आहे म्हटल्यावर बँकेचे केवायसी, गॅसचा रेग्युलेटर, माळ्यावरची भांडी, नणंदेच्या मुलाला दुपारी सांभाळणे, सोसायटीच्या टाकीच्या सफाईवर देखरेख, सगळे माझ्याकडे आपसूक चालत आले. कार्यालयाने सोडलेली बाई घराने लगेच रुजू करून घेतली. आठवडाभराने मी पहाटे पावणेपाचलाच उठत होते आणि मुलगी मात्र एकटीच अभ्यास करत होती.

तेव्हा टेलि-मानसच्या बाईंनी सांगितलेला हिशेब खरोखर करायला घेतला. रविवारी रात्री जेवण झाल्यावर जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलीने घरातील कामे लिहायला सुरुवात केली. मी सांगत होते, ती लिहीत होती. धाकट्याची डायरी पाहणे, त्याची नखे कापणे, सासूबाईंच्या गोळ्या संपण्याआधी आणणे, दूधवाल्याचा हिशेब, फिल्टरचे पाणी, उद्या भाजी कोणती याचा विचार. या शेवटच्या कामाशी ती थांबली आणि म्हणाली, “हे पण काम म्हणून लिहायचे?” तिचे बाबा म्हणाले, “लिही. रोज तेच विचारून ती माझे डोके खाते, म्हणजे ते कामच असणार.” पान भरले, दुसरे घ्यावे लागले. यांनी दोन्ही पाने हातात घेऊन बराच वेळ वाचली. ते वाईट गृहस्थ नव्हेत, सांगितलेले प्रत्येक काम करतात. सांगण्याचे काम माझ्याकडे होते, एवढेच.

योगायोगाने त्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीला, केंद्र सरकारने २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे जाहीर केले. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८. यांनी ते वाचून आपली मिनिटे मोजली आणि आकडा मला सांगितला नाही.

वाटणी अशी झाली. धाकट्याची शाळा, डायरी, दप्तर आणि आंघोळ पूर्णपणे त्याच्या बाबांकडे, त्यांची कामाची पाळी कोणतीही असो. पाळी आड आली तर पर्याय त्यांनीच शोधायचा, मला विचारायचे नाही. औषधे आणि किराणा त्यांच्याकडेच. रात्रीचा ओटा आणि पाणी मुलीकडे, पण परीक्षा संपल्यावर. भाज्या निवडणे सासूबाईंनी आपण होऊन घेतले. भांड्यांना बाई लावली, महिन्याला १,३०० रुपये. आणि आठवड्याचे पाच दिवस पोळ्या बाहेरून, जवळच्या पोळीभाजी केंद्रातून, नऊ रुपयांना एक, म्हणजे महिन्याला साधारण अडीच हजार. हा खर्च भागवण्यासाठी सोन्याची भिशी या वर्षी पुन्हा लावली नाही.

पोळ्यांवरून घरात जरा तणातणी झाली. सासूबाई म्हणाल्या, “विकतच्या पोळ्या आणायला घरात कोणी आजारी आहे का?” मुलीने पुस्तकातून मान वर न करता सांगितले, “आहे की. आई.” सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पहिले दोन दिवस त्यांनी भातच खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी, पोळी जाड असते, एवढी सूचना करून ती खाल्ली. केंद्रातल्या बाईंना सांगितल्यावर आता आमच्यासाठी पातळ लाटतात.

दुपारी दोन ते तीन मी झोपत असे. खोलीचे दार लावून, मोबाइल सासूबाईंच्या खोलीत ठेवून. सुरुवातीला झोप येईना, नुसते पडून राहणे म्हणजे चोरी केल्यासारखे वाटे. आठवड्याभरात शरीराने ती वेळ धरली. रात्री सव्वादहाला दिवा बंद आणि सकाळी पावणेसहाला उठणे, कारण डब्यांचे काम अर्ध्यावर आले होते. ज्यांना रजा मिळत नाही त्यांनी बाकी काही नाही तरी हा झोपेचा तास तेवढा घरच्यांशी भांडून मिळवावा. व्यायाम, छंद, मैत्रिणी या गोष्टी झोप भरून निघाल्यावर आपोआप सुचतात. झोप नसताना योगासनांचे वर्ग लावणे म्हणजे आणखी एक हजेरी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ते पूर्वी करून पाहिले होते.

२१ फेब्रुवारी ते १७ मार्च या परीक्षेच्या काळात माझे काम तसे थोडेच होते: पेपरला सोडणे, आणणे, आणि मधल्या सुट्यांत ती वाचत असताना त्याच खोलीत बसून राहणे. गणिताच्या आदल्या रात्री ती घाबरून रडली तेव्हा मी जागी होते आणि चिडलेली नव्हते. एरवी त्या वेळी मी काय बोलले असते, ते मला माहीत आहे.

१९ मार्चला रुजू अहवाल देऊन कामावर हजर झाले. ३१ मार्चपर्यंत रात्री आठ-आठ वाजेपर्यंत थांबावे लागले, ते ठरलेलेच होते. एप्रिलमध्ये अर्ज करून सेवापुस्तक पाहायला मागितले, तेव्हा रजेची नोंद झालेली नव्हती. लेखी विनंती दिल्यावर मे महिन्यात बालसंगोपन रजेचा स्वतंत्र तक्ता लावून ती झाली, शिल्लक १४३ दिवस. वेतन पूर्ण मिळाले म्हणजे नोंदही झाली असेल, असे कोणी गृहीत धरू नये, कारण पुढच्या वेळी शिल्लक ठरवताना तोच तक्ता उघडतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, यांची पाळी बदलली आणि आमची वाटणी दोन आठवड्यांत कोलमडली. धाकट्याचे दप्तर पुन्हा माझ्याकडे आले, झोप पुन्हा साडेअकरावर गेली. कागद पुन्हा काढला. या खेपेला समोरच्या घरातल्या आजोबांना विनंती करून मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडण्याची सोय यांनी लावली, त्यांचा नातूही त्याच बसने जातो. रविवारच्या पोळ्या अजून माझ्याकडे आहेत, त्या मला कराव्याशा वाटतात.

जुलैमध्ये हिमोग्लोबिन १२.४ आणि फेरिटिन ३४ आले. पाळीच्या गोळ्या चालू आहेत, गाठ वाढलेली नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी आता थांबवल्या असून पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. नोव्हेंबरमध्ये धाकट्याच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया करायचे ठरत आहे आणि त्यासाठी रजेचा पुढचा टप्पा मागणार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची आचारसंहिता त्याच सुमारास लागेल अशी कार्यालयात चर्चा असल्याने, जन्माचे दाखले, स्वयंघोषणापत्र आणि नस्त्यांचा तक्ता तयार ठेवला आहे, आणि अर्ज गणपतीपूर्वीच आवक शाखेत देणार आहे.